चार बोटांची फळी

बिघडलेलं यंत्र समोर आलं की मामा त्या यंत्राकडे बघायचेच नाहीत. ते माणसाकडे बघायचे. धरणाच्या काठावरच्या पळसाखाली पोतं अंथरायचे, त्यावर पाने, पकडी आणि पेचकस मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडायचे, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसून राहायचे. यंत्राबरोबर आलेला माणूस चुळबुळ करायला लागला की हळूच म्हणायचे, "बोला. मशीन आपोआप बिघडत न्हाई. कोनीतरी कायतरी केलेलं आसतंय."

यातून कोणाचीच सुटका नव्हती. एकदा गिरणीवाला आला तो शपथा घेतच. चालता चालता बंद पडली मामा, लेकराची आण. मामांनी त्याला अर्धा तास बसवला. पाणी दिलं, तंबाखू दिली, पोराबाळांची चौकशी केली. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "बेअरिंगमधलं ग्रीस संपलं होतं. मंग थोडं वनस्पती तूप घातलं."

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"तुपानं एवढं काय होत न्हाई गड्या," मामा पाना उचलत म्हणाले, "त्या लाजेपायीच आर्धा तास गेला आपला."

मी तेव्हा कळमनुरी तालुक्यात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. मला याद्यांशिवाय काम सुचत नाही. गरोदर मातांची यादी, लसीला आलेल्या बाळांची यादी, लसीच्या डब्यात ठेवायच्या बर्फाच्या पिशव्यांची यादी, आणि यापैकी कुठली यादी कुठल्या वहीत आहे त्याचीही एक यादी. मामांना, सगळेच त्यांना मामा म्हणायचे, कागदाचं वावडं होतं. त्यामुळे आमचं पहिल्यापासून फारसं जमलं नाही, आणि नंतर जे जमलं त्याचं कारण माझाच एक पराभव होता.

उपकेंद्रातला लसीचा फ्रिज थंड होईना. तालुक्याहून माणूस यायला चार दिवस लागणार होते, म्हणून मी मामांना बोलावलं. त्यांनी फ्रिजसमोर पोतं अंथरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तापमानाचा तक्ता पुढे केला. सकाळ-संध्याकाळची नोंद, एक खाडा नाही.

"कागदात काय न्हाई बाई. तुमी बोला."

"मी काही केलेलं नाही."

"बरं," म्हणाले, आणि बसून राहिले. वीस मिनिटं. बाहेर ओपीडीची रांग. शेवटी मला आठवलं की रजिस्टरं ठेवायची नवी मांडणी बसावी म्हणून आदल्या आठवड्यात मी फ्रिज भिंतीला टेकवला होता. ते मी बोलले, तेव्हा माझे कान गरम झाले होते. मामांनी फ्रिज दोन्ही हातांनी धरून वीतभर पुढे ओढला. "त्याला पाठीमागून श्वास घ्यावा लागतो," एवढंच म्हणाले आणि पोतं गुंडाळलं. पेचकसाला हातही लावला नाही. त्या दिवसापासून माझ्या सकाळच्या यादीत एक ओळ वाढली : फ्रिज ते भिंत, एक वीत.

पण मामांचं खरं काम बोटीचं होतं. आमच्या उपकेंद्राखाली धरणाच्या पलीकडच्या काठावरची एक वस्ती यायची. रस्त्याने जायचं तर जीपने फार मोठा वळसा, आणि जीप रोज नाही. पाण्यातून पाऊण तास. तालुक्याच्या कार्यालयाने पुरासाठी आलेली एक फायबरची बोट, मागे टांगायच्या मोटरीसह, वस्तीच्या उपयोगासाठी ठेवली होती आणि ती मामा चालवायचे. माझा लसीचा डबा, मी, आणि वस्तीतली आशाताई. तिथली आशा कार्यकर्ती, तिला सगळे आशाताईच म्हणायचे. महिन्यातून दोनदा आम्ही तिघं त्या पाण्यावरून जायचो.

ते पाणी म्हणजे मामांचं गाव होतं. धरण झालं तेव्हा मामा वीस-बावीस वर्षांचे होते. गाव खाली गेलं, माणसं वर आली, आणि मामा मात्र आयुष्यभर त्याच गावातून ये-जा करत राहिले, फक्त घरांच्या वरून. बोट चालवताना ते काठावरच्या खुणा बघायचे नाहीत. मारुतीपासून डावीकडे वळायचं, सुताराच्या आळीतून सरळ, मग चावडी. मी कितीही निरखून बघितलं तरी मला सगळीकडे सारखंच हिरवट पाणी दिसायचं. पण वस्तीतल्या लोकांनाही ती भाषा पाठ झाली होती. फोनवर विचारलं, बोट कुठपर्यंत आली, तर आशाताई शांतपणे सांगायची, "चावडीपाशी हाय, येती दहा मिन्टांत." तिचा जन्म धरणानंतरचा. चावडी तिने बघितलेली नव्हती.

कधी कधी मामा मधेच मोटर बंद करायचे. "गरम झाली, जरा थंड होऊ द्या." मोटर गरम झालेली नसायची, ती थंड करायला खालचं पाणी आपोआप वर चढतं, हे त्यांनीच मला सांगितलेलं होतं. पण मी काही बोलायचे नाही. बोट आपल्या आपण थोडी फिरायची. पाण्याचा बोटीला लागलेला आवाज, एखादा पाणकावळा, आणि मामा खाली बघत बसलेले. आशाताई म्हणायची, "मामा, कोन भेटलं का खाली?" ते म्हणायचे, "समदे शेतात गेले वाटतं." मग दोरी ओढून मोटर सुरू करायचे. मी वहीत लिहायचे, सात मिनिटं उशीर. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते मला कधीच सुचलं नाही.

मोटर ओरडायला लागली ती एका उन्हाळ्यात, पाणी उतरायला लागल्यावर.

ओरडायला लागली म्हणजे, वेग वाढवायला तिची मूठ पिळली की एरवी जो भरीव आवाज यायचा त्याच्या जागी एकदम बारीक, चढा, किंचाळल्यासारखा आवाज यायचा. रेस वाढतेय, पण बोट जागची हलत नाही. मूठ सोडली की शांत. परत पिळली की परत किंचाळी. काठावरची गुरं माना वर करून बघायची. तालुक्याच्या साहेबांच्या कानावर ते गेलं, आणि त्यांनी निरोप पाठवला : गुरुवारी येऊन बघतो, मोटर निकामी झाली असेल तर बोट जिल्ह्याच्या गोदामात जमा करून घेऊ. बोट जमा म्हणजे वस्ती परत वळशावर. माझ्या त्या महिन्याच्या यादीत वस्तीतली अकरा बाळं होती आणि आठव्या महिन्यातल्या दोन बाया.

मामांनी कामाला सुरुवात केली. मी त्यांना इतकं घाईने काम करताना कधी बघितलं नव्हतं. प्लग काढून घासला. कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुतला. मुठीपासून इंजिनापर्यंतची केबल कुठे अडकून राहते का ते बघण्यासाठी ती सोडून, तेल घालून परत बसवली. आवाज तसाच. मग म्हणाले, पंख्याच्या आत रबर असतं, ते घसरत असेल. दांडा फिरतो, पंखा फिरत नाही, म्हणून मोटर फुकट पळते.

"ते कसं कळणार?" मी विचारलं.

"आतल्या नळीवर आन् बाहेरच्या कड्यावर मिळून येक रेघ मारायची. येक चक्कर मारून यायचं. रेघ तुटली तर रबर गेलं. पर रंग पायजे पक्का, पाण्यानं न जानारा."

माझ्या पिशवीत पोलिओच्या दिवशी बाळांच्या बोटाला लावायचा मार्कर होता. मी तो दिला. मामांनी पंख्यावर रेघ मारली, आणि आशाताई म्हणाली, "झालं. आता पंख्याला पोलिओ व्हत न्हाई."

चक्कर मारून आलो. रेघ जशीच्या तशी, सरळ. रबर ठीक होतं. मामा त्या रेघेकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की दोष सापडला नाही म्हणून ते वैतागतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. शेवटचा पैसा हरलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या सगळ्या खटाटोपात मामांनी एक गोष्ट केली नव्हती. त्यांनी पोतं अंथरून कोणालाही "बोला" म्हटलं नव्हतं.

मी घरी जाऊन वही काढली. प्रत्येक फेरीची नोंद माझ्याकडे होती, मी नसलेल्या फेऱ्यांचीही, आशाताईला विचारून लिहिलेली : किती माणसं, काय सामान, किती वेळ. शेरा : मोटर ओरडली, मोटर ओरडली नाही. मी दोन रकाने शेजारी शेजारी मांडले. बोटीत सात माणसं असताना ओरडली नाही. सहा असताना नाही. तीन असताना ओरडली. मामा एकटे असताना तर काठापासून काठापर्यंत ओरडली. एका फेरीत पाच होती आणि ओरडली, कारण त्या दिवशी ऊन चुकवायला सगळी पुढच्या ताडपत्रीखाली जाऊन बसली होती. आणि गेले दोन आठवडे मामा प्रत्येकाला सांगत होते, "मागं बसा, मागं बसा." पूर्वी ते असं कधी म्हणत नसत.

मला इंजिनातलं काही कळत नाही. पण बोट जड झाली की खाली बसते, हलकी झाली की वर येते, एवढं कळतं. वर आली की पंखाही वर येतो. पंख्याला पाण्याऐवजी हवा लागली तर तो मोकळाच फिरणार. मग प्रश्न एवढाच होता की पूर्वी रिकाम्या बोटीत असं का होत नव्हतं.

मंगळवारी दुपारी मी काठावर गेले. मामा पळसाखाली झोपले होते किंवा तसं दाखवत होते. मी बोटीच्या मागे गेले. मोटर ज्या फळीवर अडकवतात तिच्या माथ्यावर आणखी एक फळी होती. बाभळीची, चार बोटं जाडीची, नीट रंधा मारलेली आणि बोटीच्याच निळ्या रंगात रंगवलेली. रंग इतका बेमालूम होता की हात फिरवल्याशिवाय कळलं नसतं. मोटर तेवढी वर उचलली गेली होती.

मी परत आले, मामांचं पोतं उचललं, अंथरलं, आणि त्यांच्यासमोर बसले.

"बोला मामा."

त्यांनी डोळे उघडले. पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "पंखा लागला होता खाली."

"कशाला?"

"इंजिनाच्या चबुतऱ्याला."

मग त्यांनी सांगितलं. गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, उंचवट्यावर एक विहीर होती. त्या विहिरीवर गावातलं पहिलं डिझेल इंजिन बसलं. त्यासाठी सिमेंटचा चबुतरा बांधला, तो बांधायला मामा होते, सतरा वर्षांचे. इंजिन त्यावर चार बोल्टांनी आवळलं ते त्यांनीच. पुढची चार वर्षं त्या इंजिनापाशी ते राहिले. आवाज ऐकून काय दुखतंय ते ओळखायला तिथं शिकले. धरण भरायला लागल्यावर मालकाने इंजिन काढून नेलं. चबुतरा राहिला, आणि त्यात उभे चार बोल्ट.

"वीतभर वर हायत," मामा म्हणाले. "त्यातल्या येकाला पंखा घासला. ठक करून आवाज आला. माझ्या काळजात वाजलं बगा ते."

"मग बाजूने जायचं."

"कुठून? दोन्ही आंगाला पडक्या भिंतींचे दगड, बाभळीचे खुंट, भरली बोट आडकती. गावचा रस्ता तेवढाच साफ हाय, आन् चबुतरा त्याच्या तोंडातच."

"मग साहेबांना सांगायचं."

"साहेब काय करतील? सुरुंग लावतील." ते उठून बसले. "समदं गाव चिखल झालं बाई. मारुती न्हाई, चावडी न्हाई, मी नुसतं म्हनतो डावीकडं, उजवीकडं. येवढंच येक जागेवर हाय."

अशा वेळी मी हिशोब करते. "पाणी आठवड्याला किती उतरतं?"

"दोन बोटं."

"फळी चार बोटांची. लावून दोन आठवडे झाले. म्हणजे ती आता संपली. पुढच्या फेरीला परत लागणार. मग आणखी फळी लावणार? मग मोटर आणखी ओरडणार. आणि गुरुवारी साहेब बोट घेऊन जाणार."

मामा पोत्याच्या सुरकुत्या सरळ करायला लागले.

"बोल्ट वीतभर. म्हणजे बारा बोटं. बोल्ट कापले तर उतरलेली चार बोटं धरूनही चबुतऱ्याला धक्का न लावता चार आठवडे मिळतात. तोवर पाऊस येतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं बोट कापायला सांगितलंय. मग पाण्याकडे बघितलं. पलीकडच्या काठावर वस्तीची चार-दोन पत्र्याची छपरं चमकत होती.

"साहेबाला सांगनार का तुमी?"

"फळी काढली तर सांगायला काय उरतं?"

"वहीत लिवलं आसंल."

"वही माझी आहे," मी म्हणाले.

गुरुवारी साहेब आले. हुशार माणूस होता, त्याने मुद्दाम सगळ्यांना उतरवून रिकामी बोट पळवायला सांगितली. बोट पळाली. काठावर उभं राहून त्याने दोन मिनिटं ऐकलं, कागदावर सही केली आणि विचारलं, "काय झालं होतं?" आशाताई म्हणाली, "काय न्हाई साहेब, मोटर उगंच आंगात आल्यावानी करीत होती." साहेब हसले आणि जीपमध्ये बसले. बोट राहिली. पुढे मामा लेकीकडे नांदेडला गेले तोपर्यंत ती त्यांच्याच हातात होती.

पण माझ्या मनात राहिली आहे ती आदल्या दिवसाची सकाळ.

बुधवारी, लसीच्या दिवशी, डबा घेऊन आम्ही दोघं उजाडताच निघालो. फळी मंगळवारी संध्याकाळीच काढली होती, म्हणून मोटर वर तिरपी करून ठेवली आणि मामांनी वल्ही मारली. पाण्यावर पातळ धुकट होतं आणि पाण्याचा आणि आकाशाचा रंग एकच झाला होता, राखाडी, त्यात थोडा गुलाबी. कुठे काठ संपतो ते दिसत नव्हतं. मामांनी एका जागी वल्हं थांबवलं. मला ती जागा इतर कुठल्याही जागेसारखीच वाटली. त्यांनी धोतर खोचलं, हातात लोखंड कापायची करवत घेतली आणि बोटीच्या काठावरून पाय खाली सोडला.

आणि उभे राहिले. धरणाच्या मध्यावर, मांडीभर पाण्यात. सगळीकडे पुरुषभर पाणी आणि त्यात एक म्हातारा माणूस पाण्यावर टेकल्यासारखा उभा.

ते वाकले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि कापायला लागले. आवाज वर येत नव्हता. फक्त त्यांचा खांदा मागे-पुढे होत होता आणि पाण्यावर बारीक वलयं उमटत होती. पहिला बोल्ट सुटला तो त्यांनी वर काढला, गंजून लाल झालेला, बघितला आणि पाण्यात सोडून दिला. दुसरा. तिसरा. मधे एकदा थांबून ते पायाने काहीतरी चाचपत राहिले.

"काय झालं?"

"सिमेंट वलं होतं तवा पाना ठेवला होता मी कडंला. त्येचा ठसा उठला होता." पायाची बोटं फिरवत ते म्हणाले, "हाय. बराबर हाय."

चौथ्या बोल्टापाशी त्यांनी करवत माझ्यापुढे धरली. "ह्यो तुमी कापा. माझ्या हातानं होईना."

दमले असतील, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मी बोटीतलं नारिंगी लाइफ जॅकेट चढवून घट्ट केलं, साडी खोचली आणि खाली उतरले. पाण्याखाली पाय कशावर तरी टेकले. गाळाचा मऊ थर आणि त्याखाली सपाट, कडक, माणसाने केलेली जमीन. मला करवत नीट धरता येत नव्हती. मामा बोटीत बसून सांगत होते, दाबू नका, नुसती वढा, तिचं तिला कापू द्या. शेवटी बोल्ट पडला.

मी वर यायला वळले, पण मामांनी बोट दूर घेतली होती. मोटर खाली पाण्यात सोडली, दोरी ओढली. "थांबा तितंच," ते ओरडले. "हितून आवाज कळत न्हाई. तुमी ऐका."

ते एकटे होते, बोट रिकामी होती, दगड-खुंटांवरूनही जाईल इतकी हलकी. त्यांनी मूठ पिळली. आणि मोटर बोलली, खालच्या पट्टीत, भरीव, पोटातून. बोटीचं नाक उचललं गेलं आणि ती माझ्याभोवती मोठा गोल घेत निघाली. एक फेरी. दुसरी. प्रत्येक वेळी लाटा येऊन माझ्या कमरेवर आपटत आणि पायाखालचं सिमेंट तसूभरही हलत नव्हतं. धुकं उठायला लागलं होतं. मामा माझ्याकडे बघत नव्हते, ते पाण्याकडे बघत होते, आणि मला एकाएकी असं वाटलं की त्या रस्त्यावरून आत्ता कोणीतरी बैलगाडी घेऊन येईल आणि मला बाजूला व्हायला सांगेल.

मी हात वर केला. "बरोबर आहे!"

त्यांना ऐकू गेलं नसावं. ते आणखी दोन फेऱ्या फिरले. मग मोटर बंद झाली आणि बोट आवाज न करता सरकत माझ्यापाशी आली.

"चला बाई," मामा हात पुढे करत म्हणाले. "लेकरं वाट बगून राहिली."

वस्तीवर अकरा बाळं होती, बर्फ वितळत होता, ऊन चढत होतं. मी एक पाय बोटीत ठेवला. दुसरा उचलायला मला थोडा वेळ लागला.